आमची बोडी, त्याची विहीर

'पाणी अडवा, पाणी जिरवा.' शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, समाजमंदिराच्या भिंतीवर ही घोषणा रंगवलेली असते. घोषणा चांगली आहे. तिच्यात फक्त कर्ता नाही. पाणी अडवायचं कोणी आणि ते जिरणार कोणाच्या जमिनीत, हे भिंतीवर कोणी लिहीत नाही. आमच्या शेतात तीन पावसाळे असं चाललं की पाणी आम्ही अडवत होतो आणि ते जिरत होतं दुसऱ्याच्या विहिरीत. त्या तीन पावसाळ्यांची आणि नंतरच्या एका मे महिन्याची ही हकिगत. कार्यकर्त्या पोरापोरींनी वाचावी म्हणून लिहिते. मोर्चात आपण जमीन मागतो. जमीन मिळते आणि तिच्यात पाणी राहात नाही, तेव्हा मात्र मोर्चा निघत नाही.

आमचा मुलूख भंडाऱ्याचा. धानाचा. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब इथूनच लोकसभेला उभे राहिले आणि पडले. माझा आजा त्या प्रचारात पायी फिरला होता. आजाकडे मत होतं, जमीन नव्हती. बापाकडे मत होतं, जमीन नव्हती. बाप गेल्यावर २०१२ साली मायच्या नावावर चार एकर जमीन झाली. ती सबळीकरण योजनेतली. ज्या दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, त्यांच्या नावानं २००४ साली सरकारनं ही योजना काढली. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. विधवा, परित्यक्ता बायांना आधी. माय विधवा. तिचा नंबर लागला.

या योजनेत जमीन सरकार विकत घेतं आणि मग वाटतं. सरकारी भावात. आता तुम्हीच सांगा, सरकारी भावात कन्हार कोण विकणार?

कन्हार म्हणजे काळी चिकट जमीन. माणसांसारख्याच मातीलाही आमच्याकडे पायऱ्या आहेत. कन्हार सगळ्यात वर. तिच्याखाली मोरांड. मग सिहार, पिवळट, रेती मिसळलेली. मग बरड. आणि नाल्याकाठची रेतारी सगळ्यांच्या पायाशी. ज्याला जे नको होतं ते त्यानं विकलं, सरकारनं घेतलं, आम्हाला दिलं. मायच्या चार एकरांत वरचे दोन एकर सिहार आणि खालचे दोन एकर निव्वळ रेतारी. तरी माय पहिल्या दिवशी बांधावर बसून जमिनीवरून हात फिरवत होती. पन्नास वर्षं दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केलेल्या बाईला रेतारीही स्वतःची असली की पुरते. आम्हाला पुरणार नव्हती.

शेतातल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. सरकार शेततळं म्हणतं. २०१९ साली योजनेतून आमचं शेततळं मंजूर झालं. साहेब गाडीतून उतरले, बुटाच्या टाचेनं जमीन दाबून पाह्यली आणि नाल्याकडच्या रेतारीकडे बोट दाखवलं. "इथं घ्या. पाणी उतारानं आपोआप येईल."

माय म्हणाली, "साहेब, पानी येते, पन थांबत नाई. भर पावसात ह्या वावरात चाललं त पायाले चिखल लागत नाई."

"बाई, तुला सरकारपेक्षा जास्त समजते का?"

माय साठीची. साहेब तिशीचे. 'तुला' म्हणाले.

माप आधीच ठरलेलं होतं. २० मीटर लांब, २० मीटर रुंद, ३ मीटर खोल, काठाचा उतार एकास एक. कागदावर ८७६ घनमीटर, म्हणजे पावणेनऊ लाख लिटर पाणी. माती कोणतीही असो, माप तेच. खोदायच्या आधी तिथं माणूसभर खड्डा घ्यावा, त्यात रात्री पाणी भरावं आणि सकाळी किती उरलं ते पाहावं, एवढं कोणाच्या कागदात नव्हतं. मशीन आली. वर पिवळी रेती निघाली, खाली पांढरी, चरचरीत रेती निघाली. मशीनवाल्यालाही दिसत होतं. पण त्याला खड्ड्याचे पैसे मिळतात, पाण्याचे मिळत नाहीत. फोटो निघाले. फलक लागला. फलकावर मायचं नाव, लाभार्थी म्हणून.

पहिल्याच जोराच्या पावसात बोडी भरली. सगळी वस्ती पाहायला आली. आठ दिवस उघाड पडली आणि पाणी कमरेइतकं खाली गेलं. लोक म्हणाले, नवीन आहे, गाळ बसला की थांबेल. गावात कोणी म्हणालं, उन्हानं उडते. मी बारावीपर्यंत शिकले आहे, विज्ञान घेऊन. मी म्हटलं, उडते का जिरते, ते मोजून पाहू.

ही मोजणी सोपी आहे, लिहून ठेवा. बोडीत एक सरळ बांबू रोवला आणि त्यावर सेंटीमीटरच्या खुणा केल्या. शेजारीच उथळ पाण्यात एक बादली ठेवली, तिच्यात दगड घातला, तीही पाण्यानं भरली, कडा तेवढी वर राहू दिली. ऊन दोघांनाही सारखंच. वाफ होऊन जे जाईल ते बादलीतूनही जाईल आणि बोडीतूनही. पण बादलीला बूड आहे. पाऊस नसलेले चार दिवस मी रोज सकाळी त्याच वेळी दोन्ही आकडे वहीत लिहिले. बादलीतलं पाणी दिवसाला अर्धा सेंटीमीटर उतरायचं. बोडीतलं दहा. म्हणजे दिवसाला साडेनऊ सेंटीमीटर पाणी जमिनीत जात होतं. भरलेल्या बोडीचा पसारा ४०० चौरस मीटर. हिशेब करा. रोज ३८ हजार लिटर. आमच्या वस्तीत चाळीस घरं आहेत. सगळ्यांच्या पिण्या-रांधण्याच्या घागरी तेवढ्यात आठवडाभर भरल्या असत्या.

हे पाणी जात कुठं होतं?

आमच्या बोडीपासून खाली शंभरेक पावलांवर एका मोठ्या शेतकऱ्याची विहीर आहे. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहून काय होतं, तो प्रत्येक गावात असतो. बोडी व्हायच्या आधी त्याची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवायची. बोडी झाल्यापासून एप्रिलपर्यंत उपसा द्यायला लागली. आमची बोडी दसऱ्याला कोरडी. धान तेव्हा निसव्यावर असतो. त्या वेळी एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर नुसता पोल. मग माय त्याच्या दारात जायची आणि तासाच्या हिशेबानं पाणी घ्यायची. तासाला दीडशे रुपये. तीन वर्षं आम्ही आमचंच पाणी त्याच्याकडून विकत घेतलं.

दोस्तांनो, हे नीट समजून घ्या. त्यानं काही चोरलं नव्हतं. तो रात्री येऊन बोडी फोडून गेला नव्हता. रेती, जमिनीचा उतार आणि सातबारा या तिघांनी मिळून त्याचं काम केलं. वरच्याला चांगली माती आणि खोल विहीर आधीपासून मिळालेली असली की त्याला काही करावं लागत नाही. खालच्याला दिलेली मदतसुद्धा पाझरत पाझरत त्याच्याच घरी जाते. अन्याय करायला दर वेळी हातात काठी लागत नाही.

कचेरीत गेलो. उत्तर मिळालं, प्लास्टिकचं अस्तर टाका. २०१७ पासून बाबासाहेबांच्या नावानं कृषी स्वावलंबन योजना आहे. नवी विहीर, विहिरीची दुरुस्ती, पंप यांच्यासोबत शेततळ्याच्या अस्तरालाही तिच्यात अनुदान आहे. अर्ज केला. नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा केला. पुन्हा नाही.

प्लास्टिकला मी वाईट म्हणत नाही. जिथं जवळपास चिकणमाती नाही तिथं तोच इलाज आहे. ५०० मायक्रॉनचा जाड कागद नीट बसवला, वरच्या कडा काठावरच्या चरात पुरून पक्क्या केल्या, तर पाणी जात नाही. पण जनावर आत उतरलं की खुरानं फाटतो. उंदीर कुरतडतो. उन्हात उघडा राहिला की काही वर्षांनी तडकतो. आणि एक गोष्ट अनुदानाच्या कागदावर कधी नसते. प्लास्टिकच्या तळ्यात पोर पडलं तर त्याला वर येता येत नाही. पाय ठरतच नाही. ज्यांच्याकडे असं तळं आहे त्यांनी आज उठून चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा आणि कुंपण घाला. बाकीचं नंतर वाचा.

आमच्याकडे प्लास्टिकला पैसा नव्हता. काय होतं, ते मायनं सांगितलं. एका संध्याकाळी वस्तीतल्या पाच-सहा बाया ओट्यावर बसल्या होत्या. मी वहीतले आकडे वाचून दाखवत होते. माय मध्येच म्हणाली, "आपन जलमभर दुसऱ्याच्या बांधीत पानी थांबवून देतो. मंग आपल्या बोडीत काऊन नाई थांबनार?"

सगळ्या गप्प झाल्या. कारण ते खरंच होतं.

धानाची बांधी पाणी का धरते? मातीत पाणी सोडून हल्यांच्या जोडीनं चिखल करतात. हल्या म्हणजे रेडा. ढेकळं फुटतात, मातीचे कण सुटे होतात, बारीक चिकण भोकाभोकांत जाऊन बसते. वर्षानुवर्षं खुरांनी आणि पायांनी दाबून खाली एक टणक थर तयार होतो. त्याच्यावर पाणी उभं राहातं. हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. रोवणीच्या बाईचा पाय चिखलात गेला की तिला कळतं ही बांधी पाणी धरणार की सोडणार. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पायात आहे. मजुरी मात्र नुसत्या हातांची मिळाली.

मग चिकण आणायची कुठून? गावच्या तलावातून. आमचा तलाव मालगुजारीच्या काळातला. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. ते बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या कसबाचं कौतुक पुस्तकात वाचायला मिळतं. कसब होतंच. पण पाळीवर मातीची टोपली घेऊन चढणारी डोकी कोणाची होती, ते कोणत्या पुस्तकात आहे? नोंदीत मालकाचं नाव राहातं. टोपलीचं राहात नाही.

तलावाचा गाळ शेतकऱ्यांनी न्यावा म्हणून २०१७ साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. कागदावर गाळ सगळ्यांचा. गावात ज्याचा ट्रॅक्टर त्याचा गाळ. आमच्या बायांच्या बचत गटानं ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तोंडी उत्तर आलं, पाहू. दुसरा अर्ज दिला. तिसरा दिला. प्रत्येकाची पोच घेतली, शिक्क्यासकट. मग २०२२ च्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत विषय निघाला. विहिरीचा मालक पुढंच बसला होता. तो उठून म्हणाला, "रेतीत गाळ टाकून कायले नासवता? पानी जिरू द्या. जिरलेलं पानी साऱ्या गावाचं असते."

मी मागून म्हटलं, "काकाजी, साऱ्या गावाचं असते त तासाले दीडशे रुपये कोन घेते?"

मागं बसलेल्या बाया हसल्या. पुढचे हसले नाहीत. पण त्यानंतर 'पाहू' म्हणायला कोणाची जीभ वळली नाही. ठराव झाला.

ठराव म्हणजे पाणी नव्हे, हे आपल्याला महाडनं शिकवलं आहे. चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा कुठं त्या ठरावाला अर्थ आला. मग सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं आणि प्रकरण कोर्टात नेलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं.

आमच्या ठरावाचंही तसंच. आम्हाला गाळ द्यायचा ठरला तो तलावाच्या वरच्या कोपऱ्यातला, जिथून ओढ्याचं पाणी आत शिरतं. जागा वस्तीला जवळ, म्हणजे बायांची सोय, असं सांगितलं गेलं. मी तिथली माती काचेच्या बरणीत घातली. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पूड. जोरात हलवली आणि ठेवून दिली. मिनिटभरात खाली बसली ती रेती. दोन तासांत तिच्यावर बसला तो पोयटा. दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू बसली ती चिकण. पट्टी लावून थर मोजले. अर्ध्याहून जास्त रेतीच. याचं कारण सोपं आहे. पाणी तलावात शिरताना वेग मंदावतो, जड रेती दारातच बसते. हलकी चिकण आत, पाळीकडे जाते. म्हणजे रेतीवर उपाय म्हणून आम्हाला पुन्हा रेतीच दिली जात होती.

बरणी घेऊन आम्ही सरळ ग्रामपंचायतीत गेलो. टेबलावर ठेवली. शेजारी पाळीकडच्या गाळाची दुसरी बरणी ठेवली, तिच्यात चिकणच अर्ध्याच्या वर. बरणीशी वाद घालता येत नाही. पाळीच्या पायथ्यापासून अंतर सोडून आम्हाला आतला गाळ मिळाला.

आता काम. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी तपशिलानं लिहिते.

पहिलं, आकार बदलला. रेतीत एकास एक उतार टिकत नाही. काठ आधीच ढासळले होते. अशा उभ्या काठावर चिकणही थांबत नाही, घसरून तळाला येते. खोदताना काठावर टाकलेली रेती मशीननं आत ओढली, पाणी मारून थर दाबले आणि उतार दोनास एक केला. अस्तर धरून वरचं माप २० मीटर तसंच ठेवलं, तळ १२ मीटर, खोली ३ ऐवजी २ मीटर. पाणी मावणार ५२३ घनमीटर. गावात लोक हसले, बोडी लहान केली म्हणून. पावणेनऊ लाख लिटरची बोडी पाणी धरत नसेल आणि सव्वापाच लाखांची धरत असेल, तर मोठी कोणती?

दुसरं, आतली मुळं, दगड, गवत सगळं उपटून काढलं. खेकड्याची, उंदराची बिळं खोदून खोदून बुजवली. एक बीळ राहिलं तरी पाणी बरोबर ते शोधून काढतं.

तिसरं, गाळ. आतून झाकायची जागा ४३० चौरस मीटर. दाबल्यानंतर ३० सेंटीमीटर जाडी पाहिजे. म्हणजे दाबलेला गाळ सुमारे १३० घनमीटर. सुटा गाळ दाबला की बसतो, म्हणून जास्त आणावा लागतो. आम्हाला ६५ ट्रॉल्या लागल्या. भाड्याचा ट्रॅक्टर, भरायला आणि उतरवायला आम्ही.

चौथं, थर. सगळा गाळ एकदम टाकायचा नाही. १५ सेंटीमीटरचा एक थर दाबून पक्का करायचा, त्याला दाताळ्यानं ओरखडे काढायचे, मग दुसरा, म्हणजे दोघे एकजीव होतात. काठाच्या उतारावर गाळ ओलसर ठेवला. मुठीत लाडू वळावा पण बोटांना पाणी सुटू नये, इतकाच ओला. तो धुमसानं ठोकला. तळाला मात्र पाणी सोडून चिखल केला. हल्यांची एक जोडी मिळाली. ती फिरत होती आणि तिच्यामागं आम्ही चौदा बाया, पदर खोचून, गोलगोल तुडवत होतो. जशी रोवणीच्या आधी बांधी करतो तशी. माय काठावर उभी राहून पाहायची. पायानं कुठं रेती लागली की तिथली बाई ओरडायची आणि तिथं आणखी दोन टोपल्या पडायच्या. अकरा दिवस काम चाललं. पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर. मे महिना होता.

पाचवं, झाकण. चिकण वाळली की भेगा पडतात आणि केलेलं सगळं फुकट जातं. म्हणून रोज पाणी मारलं, वर ओलं तणस पसरलं. शेवटी तणस काढून तळाला वीतभराहून थोडा कमी रेतीचा थर दिला. रेती इथं उपयोगी पडते. ती चिकणीला ऊन लागू देत नाही आणि जनावराच्या खुराचा घाव स्वतःवर घेते. पाणी आत शिरतं तिथं दगड बसवले, नाहीतर पहिल्याच लोंढ्यानं अस्तर खरवडून नेलं असतं. त्या दगडांच्या आधी एक लहान खड्डा केला, वाहून येणारी रेती त्यात बसावी म्हणून. तो दर वर्षी उपसावा लागतो.

खर्च सगळा मिळून चाळीस हजारांच्या आत आला. ट्रॅक्टर, डिझेल, मशीनचे तास, हल्यांचं भाडं. पैसे गटातून कर्जानं काढले. बायांची मजुरी त्यात नाही. ती सावडीनं झाली. आम्ही त्यांच्याकडे जायचं ठरलं होतं.

जुलैत बोडी भरली. तोच बांबू, तीच बादली. बादली अर्धा सेंटीमीटर. बोडी दीड. म्हणजे जिरतं ते दिवसाला एक सेंटीमीटर. ३८ हजार लिटरांचं ४ हजारांवर आलं. सगळं बंद झालं नाही. मातीची बोडी थोडं सोडतेच. पण दसऱ्याला पाणी होतं. दिवाळीतही होतं.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडेही पाऊस दडी मारून बसला. वरच्या दोन एकरांतल्या बांध्यांना भेगा पडायला लागल्या. इंजिन भाड्यानं आणलं आणि बोडीचं पाणी वर चढवलं. दोन एकरांवर पाच सेंटीमीटर पाणी उभं करायला चार लाख लिटर लागतं. बोडीत तेवढं होतं. धान वाचला. त्या वर्षी माय कोणाच्या दारात गेली नाही. तिनं ते कोणाला बोलूनही दाखवलं नाही. फक्त मळणी झाल्यावर गटाचा हप्ता तिनं स्वतः नेऊन दिला.

विहिरीचा मालक आता आम्हाला नावं ठेवतो. त्याची विहीर पुन्हा फेब्रुवारीत तळ दाखवते. तो म्हणतो, तुम्ही गावाचं पाणी अडवून ठेवलं. कोणी शिकलेला माणूसही मला म्हणाला, भूजल वाढणं चांगलंच होतं की. त्यांना उत्तर देते. जिरवण्याला माझा विरोध नाही. जमिनीखालचं पाणी गावाचं असेल तर विहिरीतलं पाणीही गावाचं ठरवा. त्याची वाटणी ठरवा, एकरानं नको, माणशी ठरवा. त्या दिवशी आम्ही आमची बोडी खुशाल गळकी ठेवू. तोवर त्यागाचा वाटा आमच्याकडे आणि उपशाचा वाटा त्याच्याकडे, हे चालणार नाही.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी सांगितलं की जमीन लहान आहे की मोठी, एवढ्यानं शेती परवडते की नाही ते ठरत नाही. त्या जमिनीवर लावायला भांडवल आणि साधनं किती, यावर ते ठरतं. पुढं १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्याच काळातली. आपल्या सभांमधून बाबासाहेबांचं हे अंग फार कमी ऐकू येतं. पाण्याचा माणूस म्हणून त्यांना आपण चवदार तळ्यापाशीच थांबवलं.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे. वस्तीत कोणाला शेततळं मंजूर झालं की फलकाच्या फोटोला जाऊ नका, मशीन यायच्या आधी जा. माणूसभर खड्डा घ्यायला लावा. बरणीत माती घालून थर मोजा. रेती निघाली तर जागा बदला म्हणून लेखी द्या आणि पोच घ्या. बाईला विचारा. तिला माहीत असतं. जिथं खोदून झालं आहे आणि गळतं आहे, तिथं बांबू आणि बादली ठेवा, चार कोरडे दिवस आकडे लिहा. 'पाणी राहात नाही हो' म्हटलं तर साहेब ऐकत नाहीत. 'रोज ३८ हजार लिटर' म्हटलं की मान वर करतात.

आमच्या वस्तीत अशाच गळक्या दोन बोड्या आणखी आहेत. एकीचं काम झालं. दुसरीच्या मालकिणीचा सातबारा अजून दिराच्या नावावर आहे, ती लढाई आधी लढायची आहे. तुमच्याकडचे आकडे या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. गावाचं नाव नसलं तरी चालेल. बोडीचं माप, मातीचा प्रकार, बांबूचा आकडा, बादलीचा आकडा आणि खाली विहीर कोणाची, एवढं पुरे. शंभर बोड्यांचे आकडे जमले की मग आपण सगळे मिळून कचेरीत जाऊ.

जयभीम.